दात ‘पडला’, ‘तुटला’ की ‘निखळला’?

प्रश्न : शाळेत लावायच्या प्रथमोपचार फलकाचा मराठी मसुदा मी तयार करत आहे. मुलांच्या दातांच्या इजांविषयीच्या परिच्छेदात ‘अव्हल्शन’ हा शब्द आला आहे. एका सहकारी शिक्षिकेने त्यासाठी ‘दात पडल्यास’ असे सुचवले, तर दुसऱ्यांचा आग्रह ‘उत्पाटन’ या शब्दासाठी आहे. पालक, शिक्षक आणि शिपाई या सर्वांना कळेल आणि वैद्यकीय अर्थही बिघडणार नाही, असा शब्द कोणता?

उत्तर : माझ्या मते ‘दात मुळासकट निखळणे’ असे लिहावे. ‘दात पडणे’ हा प्रयोग मराठीत प्रामुख्याने आपोआप घडणाऱ्या गोष्टीसाठी होतो. साधारण सहाव्या वर्षापासून कायमचा दात खालून सरकू लागला, की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते आणि आधार संपल्यावर तो दात पडतो. हातात येतो तो बहुधा नुसता वरचा भाग, आणि दुधाच्या दाताला मूळच नसते हा सर्वत्र आढळणारा गैरसमज त्यातूनच झाला असावा. अव्हल्शनमध्ये मात्र मार लागून अख्खा दात, मूळ शाबूत असताना, हाडातल्या खोबणीतून बाहेर येतो. घट्ट बसवलेली वस्तू जागा सोडते तेव्हा आपण ‘निखळली’ म्हणतो, जसा अंगठीतला खडा निखळतो, म्हणून हे क्रियापद येथे योग्य ठरते. ‘उत्पाटन’ म्हणजे उपटणे. त्यात कोणीतरी हेतुपुरस्सर केलेली कृती सूचित होते, आणि दवाखान्यात दात उपटणे ही वेगळीच गोष्ट आहे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही, कारण पडलेल्या दाताचे काही करायचे नसते आणि निखळलेल्या कायमच्या दातासाठी मिनिटे मोजावी लागतात. मुळावर खोबणीशी जोडणाऱ्या तंतूंच्या जिवंत पेशी असतात आणि त्या कोरड्या पडून मरतात. डेन्मार्कचे दंतवैद्य येन्स ओव्हे आंद्रेआसन यांनी सहकाऱ्यासह १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अर्ध्या तासाच्या आत पुन्हा बसवलेल्या बहुतेक दातांची मुळे टिकून राहिल्याचे आणि दोन तासांहून अधिक उशीर झालेल्या जवळजवळ सर्व दातांची मुळे झिजू लागल्याचे आढळले होते. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये, माती लागली असल्यास दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये, शक्य असल्यास तेथेच खोबणीत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगावे आणि लगेच दंतवैद्याकडे न्यावे. बसवणे जमले नाही तर तो दुधात ठेवून न्यावा; साध्या पाण्यात ठेवल्यास मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. दुधाचा दात निखळला तर मात्र तो परत बसवू नये, कारण त्याच्या मुळाजवळ वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते. त्यामुळे फलकावर ‘कायमचा’ हे विशेषण गाळून चालणार नाही. (पडलेला दात कौलांवर किंवा उंदराच्या बिळाशी टाकून नवा मागायची आपली जुनी रीत दुधाच्या दातापुरती गोड आहे, आठ वर्षांच्या मुलाचा पटाशीचा दात त्या वाटेने जाऊ नये.)

पुरवणी : वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘दात बसवणे’ या शब्दप्रयोगाबद्दल सावध राहावे असे वाटते. दात बसवणे म्हटले की आपल्याकडे कवळी किंवा कृत्रिम दात डोळ्यांसमोर येतो. ‘निखळलेला तोच दात त्याच खोबणीत परत बसवणे’ असे थोडे लांबलचक लिहिलेले बरे. तसेच ‘दात तुटला’ हा प्रयोग टवका उडण्यापासून आतला मगज उघडा पडण्यापर्यंत सर्व प्रकारांना चालतो, म्हणून ‘दाताचा तुकडा उडाला असल्यास तो तुकडा सोबत आणावा’ अशी वेगळी ओळ द्यावी. पुष्कळदा तोच तुकडा दातावर पुन्हा चिकटवता येतो.

प्रतिप्रश्न : याच मसुद्यात ‘कन्कशन’ आणि ‘इन्ट्रूजन’ हेही शब्द आहेत. कन्कशनचे भाषांतर ‘मेंदूला धक्का’ असे करण्यात आले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : येथे ते चुकीचे आहे. दाताच्या संदर्भात कन्कशन म्हणजे दात हलत नाही, त्याने जागाही सोडलेली नाही, पण टिचकी मारली की दुखतो, अशी स्थिती. ‘दाताला मुका मार’ हे आपल्याकडचे शब्द त्यासाठी पुरेसे आहेत. इन्ट्रूजनसाठी ‘दात हिरडीत रुतणे’ वापरावे. चालायला शिकणारे मूल तोंडावर आपटले की वरचा दात कधीकधी इतका आत जातो, की दिसेनासा होतो आणि घरचे तो पडला असे समजून जमिनीवर शोधत बसतात. दात खरोखर निखळला की रुतला हे एक्स-रे पाहिल्यावरच नक्की होते. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रुतलेला दुधाचा दात ओढून काढण्याची घाई करू नये. तो सहसा काही महिन्यांत आपणहून खाली येतो. मागाहून येणाऱ्या कायमच्या दातावर पांढरा किंवा पिवळसर डाग राहू शकतो, हे मात्र पालकांना आधीच सांगितलेले बरे. मार लागलेला दात पुढे राखाडी झाला, की त्याला ‘किडला’ म्हटले जाते, तेही चूक आहे. तो ‘काळा पडला’ म्हणावे, कारण कीड आणि रंग बदलणे ही दोन वेगळी निदाने आहेत.

आणखी एक शंका : ‘ओपीजी’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ‘संपूर्ण जबड्याचा सलग एक्स-रे’ असे म्हणता येईल, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ओपीजीच म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवावा. मुलांच्या बाबतीत त्याचा मोठा उपयोग म्हणजे अजून न उगवलेले दात हाडात कोठे आहेत, ते एकाच चित्रात दिसतात. समोरच्या दातांना मार लागला असेल तर मात्र त्या भागाचा छोटा एक्स-रे अधिक उपयोगी पडतो, कारण ओपीजीत मधल्या दातांवर मणक्याची सावली पडते आणि बारीक रेघा पुसट होतात. आपल्या फलकावर ओपीजीचा उल्लेख असू नये, असे माझे मत आहे. कोणता एक्स-रे काढायचा हा निर्णय दंतवैद्याचा आहे.