भातखाचरातून आलेली एक्सपल्स धुवायची कशी? प्रेशर वॉशर की बादली?

घाटवाट_पुणे:
मंडळी, हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही बाइक आहे माझी. रविवारी वेल्हे-केळद साइडला गेलेलो, चिखलणी चालूय तिकडे आणि ट्रॅक्टरनी रस्त्यावर आणलेला चिखल वेगळाच, गाडी नखशिखांत बरबटलीये, बॅश प्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) वर तर इंजिन दिसत नाहीये. सोसायटीत पाइप लावू देत नाहीत, बादली चालते. मागे एकदा वॉशिंग सेंटरला दिलेली तर त्यांनी अगदी जवळून प्रेशर मारलं आणि शेवटी चमक यावी म्हणून सगळीकडे डिझेल फवारलं, मग मागचा ब्रेक बरेच दिवस धड लागेना. आता चिखल वाळू देऊन झाडायचा का ओला असतानाच काढायचा? प्रेशर मारावं का? आणि चेनचं काय करायचं, डबल स्टँड नाही गाडीला. नीट सांगा कुणीतरी, गाडी खूप वर्षं ठेवायचीये.

रानवाटा७७:
वाळू देऊ नकोस. वाळलेली माती घासलीस की त्यातली रेती टाकीवर आणि प्लास्टिकवर ओरखडे काढते, ते परत जात नाहीत. पण घरी आल्या आल्या गरम इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही, सायलेन्सर हाताला सोसेल इतका निवू दे, तोवर चहा पी. मग नुसतं पाणी, साबण नाही, वरून खाली मग्याने सोडत राहायचं, दहा मिनिटं भिजू द्यायचं, परत सोडायचं. निम्मा चिखल हात न लावता पडतो. त्यानंतर कार शाम्पू आणि दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडका खळबळायची. कपड्याची पावडर नको, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि रंगाचं तेज जातं.

खरं काम खाली आहे आणि तेच लोक सोडतात. बॅश प्लेटचे बोल्ट काढ, प्लेट खाली घे. आत जो गाळ साठतो तो ओला राहून बोल्ट आणि फ्रेम गंजवतो, वर इंजिनची उष्णताही कोंडून धरतो. समोर ऑइल कूलर आहे तुझ्या गाडीला, त्याच्या पात्यांमधला चिखल मऊ ब्रशने काढ, तिथे जोरात पाणी मारलं तर पाती वाकतात आणि मग हवाच जात नाही. साइड स्टँडची स्प्रिंग आणि त्याचा सेन्सर पण बघ, तिथे माती अडकली की स्टँड वर असूनही गाडी गिअर टाकल्यावर बंद पडते आणि माणूस उगाच बॅटरी तपासत बसतो. फोर्कवर (पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर) रबरी गेटर म्हणजे घडीदार आवरणं असतील तर ती खालून सोडवून आत बघ, बाहेरून स्वच्छ दिसतात आणि आत माती फोर्कचं तेल अडवणाऱ्या सीलला घासत असते.

लाल_माती_चिपळूण:
वरच्यांचं बरोबर आहे पण प्रेशर वॉशर सरसकट वाईट नाही हो. आमच्याकडे जांभ्याची लाल माती, नॉबी टायरच्या गठ्ठ्यांत आणि मडगार्डच्या पोटात अशी बसते की मग्याने निघतच नाही. टायर, मडगार्डची आतली बाजू, बॅश प्लेट काढून वेगळी ठेवली असेल तर ती, इथे बिनधास्त मारा. दोन-तीन फूट लांबून आणि पसरट फवारा. चाकाचे एक्सल, हँडलखालची बेअरिंग, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, फोर्क सील, चेन, हँडलवरचे स्विच, सीटखालचं वायरिंग आणि एअर बॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) तोंड इथे मात्र अजिबात नाही. सील पावसाचं पाणी अडवायला असतात, धार अडवायला नाही. पाणी आत गेलं की ग्रीस धुतलं जातं, त्या दिवशी काही कळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात चाक घरघरायला लागतं. सायलेन्सरच्या तोंडात फडका कोंबा आणि गाडी सुरू करायच्या आधी आठवणीने काढा.

काळी_जमीन_सोलापूर:
आमची काळी माती याहून चिवट, ओली झाली की फुगते आणि टायर-मडगार्डमध्ये भरून चाकच जाम करते. माझी हिमालयन, पुढचा मडगार्ड टायरच्या जवळ, त्यामुळे जास्तच. मी लाकडी पट्टी सोबत ठेवतो आणि रानातच थांबून ओला चिखल खरवडून टाकतो, लोखंडी काही वापरत नाही. घरी येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं आणि सोसायटीच्या गटारात पण कमी गाळ जातो, तुम्हाला याचा फायदा होईल. आणखी एक कळकळीची विनंती, परतीच्या वाटेवर ओढ्यात गाडी घालून धुऊ नका, तेल आणि शाम्पू त्या पाण्यात जातो आणि खालच्या गावात गुरं तेच पितात.

गॅरेजवाला_सातारा:
चेनचं मी सांगतो, रोज हेच काम आहे.

चेन आणि स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रांमध्ये) चिखल राहिला की तो खरवडत राहतो, चेन-किट लवकर जातं. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडा, आत ग्रीस आणि मातीचा काळा लगदा असतो, तो नुसता पाण्याने कधीच निघत नाही. चेन ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची) असेल तर तिला पेट्रोल लावू नका, रबर कडक होऊन आतलं ग्रीस जातं. तारेचा ब्रश पण नको, नायलॉनचा घ्या. केरोसीन किंवा बाजारातला चेन क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. डबल स्टँड नसेल तर मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्या, नाहीतर गाडी हातभर पुढे ढकलत तुकड्या-तुकड्याने करा. इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन पुसायची नाही म्हणजे नाही. फडका ओढला जातो आणि बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात, असे हात बघितलेत.

डिझेल फवारणं हा प्रकार बंद करा. ते डिस्कवर आणि पॅडमध्ये जातं, म्हणूनच तुमचा ब्रेक धरत नव्हता. होसपाइप, गेटर, रबरी बुश यांनाही ते चांगलं नाही, आणि त्या ओशटपणावर पुढच्या राइडची धूळ चिकटते ती वेगळीच. परत असं झालं तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, पॅड तेल प्यायले असतील तर बदलाच, घासून भागवू नका.

घाटवाट_पुणे:
खूप उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. दादा, केरोसीन हल्ली मिळत नाही कुठे, डिझेल चालेल का फक्त चेनला? आणि चेनचं लूब (वंगण) कधी मारायचं, धुतल्यावर लगेच?

गॅरेजवाला_सातारा:
चेनपुरतं फडक्यावर थोडं डिझेल चालेल, मागच्या डिस्कवर आधी पिशवी बांधा आणि नंतर चेन कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. ओल्या चेनला लूब मारू नका, पाणी आत कोंडतं. धुऊन झालं की गाडी दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवा, दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा म्हणजे डिस्क आणि पॅड सुकतात, चेन कोमट होते. मग चेनच्या खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने लूब, जास्तीचं पुसून टाका आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे तपासा, चिखलात चालल्यावर तो बदललेला असतो. स्पोक्सही एकेक करून बोटाने वाजवून बघा, एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे.

रानवाटा७७:
आणि बॅश प्लेट परत लावताना बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लाव, पुढच्या वेळी सुटतील.