पितळी कड्यात सैल झालेली फ्रेंच स्फटिक दारमूठ : मदत हवी आहे

पॅरिसलगतच्या सँतुआँ येथील जुन्या बाजारातून पैलू पाडलेल्या स्फटिक (म्हणजे शिसेयुक्त काचेच्या) दारमुठींची एक जोडी मी घेतली असून त्यांपैकी एक मूठ पितळी कड्यात सैल झाली आहे. दार ओढताच ती हातात किंचित फिरते आणि कड्याच्या फटीतून पांढरी भुकटी (बहुधा मूठ कड्यात धरून ठेवणारे जुने भरण) गळते. बाकारा या फ्रेंच स्फटिककाच कारखान्याचा शिक्का कुठेही दिसत नाही, परंतु त्या कारखान्याने काचेवर शिक्का नियमितपणे उमटवायला 1936 मध्ये सुरुवात केली, त्यामुळे केवळ शिक्का नाही एवढ्यावरून मी काही ठरवत नाही (विक्रेत्याने मात्र ठरवूनच किंमत सांगितली होती). दोन्ही मुठींना जोडणारी, दारातून आरपार जाणारी चौकोनी दांडी 7 मिलिमीटरची आहे.

मऊ ब्रशने सुकी सफाई केली आहे. कडे तापवून पाहिलेले नाही, कारण शिसेयुक्त काच एकदम तापली तर तडकू शकते. इपॉक्सीही (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद) टाळले आहे, कारण ते पुढे सहज निघत नाही आणि कालांतराने पिवळे पडून काचेतून दिसू लागते. मूठ रोजच्या वापरातील दारावर बसवायची आहे आणि कडे कापायचे नाही. अशा वेळी जुने भरण पूर्ण खरवडून प्लास्टर ऑफ पॅरिस भरावे, की पुन्हा काढता येईल असे दुसरे एखादे भरण कोणी स्वतः वापरून पाहिले आहे?