मदत हवी आहे: जादूगार रघुवीर यांच्या गावोगावच्या प्रयोगांची माहिती

नमस्कार. मी शाळांत आणि गणेशोत्सवात जादूचे प्रयोग करतो. खेळ संपवून पेटी भरताना कुणीतरी आजोबा हमखास जवळ येतात, "आम्ही रघुवीरांना पाहिलंय!" पुण्याचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) परदेशांतही गाजले, पण मला ओढ आहे ती तालुक्याच्या गावांत झालेल्या त्यांच्या प्रयोगांची. तो इतिहास घराघरांतल्या ट्रंकांमध्येच असणार. तुमच्याकडे जुनं हँडबिल, तिकीट, शाळेतला फोटो किंवा मंडळाची स्मरणिका आहे का? गाव आणि अंदाजे साल कळवा. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या, मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो पुरेल. घरात कुणी प्रयोग पाहिला असेल, तर त्यांना नेमका कोणता खेळ आठवतो, तेवढं आवर्जून विचारा.