शब्दचर्चा : ‘परसात’ आणि ‘परसाकडे’

एडिसनकर :
परवा पुण्यातल्या भाचीला फोनवर सांगत होते, "आम्ही लहानपणी परसात काजवे पकडायचो." ती म्हणाली, "मावशी, परस म्हणजे काय गं?" मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेली मुलगी. मी न्यू जर्सीत वाढलेली, मराठी शाळेचं तोंडही न पाहिलेली. मला जरा गंमत वाटली, जरा वाईटही.

तर प्रश्न असा, की हा शब्द आता तिकडे कोणी वापरतं का? आणि आमच्या घरात तो ज्या अर्थाने होता, तो बरोबर होता का?

पार्श्वभूमी सांगते. १९६५च्या कायद्याने इंजिनियर-डॉक्टरांना अमेरिकेचं दार उघडलं, त्या लाटेत बाबा १९७१ साली इकडे आले. १९७९मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला घर घेतलं. आईचं बालपण सांगलीजवळच्या एका वाड्यात गेलेलं. नवं घर ताब्यात आल्यावर तिने वाड्यातले शब्द उचलून इथल्या जागांना लावून टाकले. मागची हिरवळ म्हणजे परस, छपराखालची अडगळीची जागा माळा, आणि बेसमेंट म्हणजे चक्क पेव. जे वाड्यात नव्हतं ते मात्र इंग्रजीतच राहिलं : ड्राइव्हवे, गराज, मॉल. शनिवारी बाबा मशीन घेऊन बाहेर पडले की आई म्हणायची, "चालले गवत भादरायला."

तळकोकण :
ताई, शब्द बरोबर आहे. घराच्या मागची जागा, जिथे आळू, केळ, विहीर, धुण्याचा दगड असतो ते परस किंवा परसू. ‘परसबाग’ तर अजून सर्रास चालतो. आमच्याकडे मागीलदार जास्त म्हणतात, आणि पुढच्या अंगणाला खळं.

पण जपून. ‘परसात’ आणि ‘परसाकडे’ यांत फार अंतर आहे! जुन्या घरांत संडास परसाच्या टोकाला, म्हणून ‘परसाकडे जाणं’ म्हणजे शौचाला जाणं. ‘परसाकडे लागली’ हेही त्यातलंच.

एडिसनकर :
हा फरक आमच्या घराला महागात पडलाय. १९८३ असेल. तेव्हा भारतातून फोन म्हणजे ट्रंक कॉल, तीन मिनिटांचा, ओरडून बोलायचा. सांगलीहून मामाचा फोन आला, माझ्या सात वर्षांच्या भावाने उचलला. मामाने विचारलं, ताई कुठे आहे? हा म्हणाला, "परसाकडे गेलीये. दोन तास झाले." मी मागे झोक्यावर होते. मामा घाबरला. पोट बिघडलंय का, डॉक्टरला दाखवलं का, पाणी उकळून देता का, यातच तीन मिनिटं संपली. ज्या बातमीसाठी त्याने फोन केला होता ती पुढे पत्राने कळली.

सांगलीकर :
हसून पुरेवाट. पण मला ‘पेव’ जास्त आवडलं. आमच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, बाहेरगावच्या लोकांना ती दाखवायला न्यायचो. जमिनीत खोल खणलेलं, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं. माल भरून तोंड लिंपून टाकायचं. उघडलं की लगेच कोणी उतरत नाही. वारा खेळू द्यायचा, कारण आत हवा कोंडलेली असते. पेवात गुदमरून माणसं गेल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्यात. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार याच पेवावरून आला. बेसमेंटला खरं तर ‘तळघर’ हवं, पण तुमच्या आईंनी पेव का म्हटलं ते मला कळलं.

एडिसनकर :
काका, तुम्ही कोडंच सोडवलंत. १९८४च्या उन्हाळ्यात आजी सहा महिने आमच्याकडे होती. आमचं ‘अटारी’ नावाचं व्हिडिओ गेमचं यंत्र बेसमेंटमध्ये. आम्ही खाली पॅकमॅन खेळायला उतरलो की ती जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसायची आणि दर पाच मिनिटांनी दोघांची नावं घेऊन हाका मारायची. ओ दिली नाही की ओरडा. आम्हाला वाटायचं तिला व्हिडिओ गेम आवडत नाही. खाली हवा आहे की नाही ते ती तपासत होती, हे मला आज, वयाच्या पन्नाशीत कळतंय.

आजीचा दुसरा वाद दिवेलागणीवरून. आमच्या आळीतल्या सगळ्या मुलांना एकच नियम होता : रस्त्यावरचे दिवे लागले की घरी. आई तेच मराठीत सांगायची, "दिवेलागणीला घरात." आजीला ते पटायचं, जूनपर्यंत. जूनमध्ये इकडे साडेआठपर्यंत सूर्य मावळत नाही. "नऊला कसली आलीये दिवेलागण? ही तर निजानीज!" म्हणून ती सातलाच देवापाशी दिवा लावायची आणि दारात येऊन जाहीर करायची, "लागला दिवा!"

खवचट पुणेकर :
गोड आहे सगळं. दोन शंका. एक, एडिसनसारख्या शहराबाहेरच्या वस्तीला तुम्ही ‘उपनगर’ का म्हणत नाही? दोन, याला ‘स्मरणरंजन’ म्हणतात आणि त्यात फक्त रंजनच उरतं. जर्सीत सगळं काजव्यांसारखं लुकलुकत होतं का?

नेपरविल :
पहिल्याचं उत्तर मी देतो, मी शिकागोजवळ वाढलो. उपनगर म्हटलं की डोळ्यांपुढे अंधेरी-बोरिवली येते : लोकल, गर्दी, कोपऱ्यावर वडापाव. आमच्या भागात कोपऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, कित्येक रस्त्यांना फुटपाथसुद्धा नाही. गाडीशिवाय दूध आणता येत नसे. किराण्याला महिन्यातून एकदा शिकागोतल्या डेव्हन अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत, जाऊन-येऊन अर्धा दिवस. आईबाबा सरळ ‘गाव’ म्हणायचे : "गावात राहतो, शहरात नोकरी." त्यात चूक काही नाही. नगरपालिका वेगळी, शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे.

आमची गल्ली पुढे बंद होती, टोकाला गाडी वळवायला गोल जागा. कल-डि-सॅक. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पिशवीचा तळ. बाबा ‘बोळ’ म्हणायचे. बोळ अरुंद असतो, तिथे तर आम्ही सायकलींच्या शर्यती लावायचो. पण पत्ता सांगताना अजून ‘बोळातलं घर’च म्हणतो. कुणाकडे बरा शब्द आहे?

सांगलीकर :
‘खोबण’? नको. बोळच बरा.

एडिसनकर :
पुणेकर, दुसऱ्या शंकेचं उत्तर देते, कारण तीही शब्दाचीच गोष्ट आहे. १९८७च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी निघाली. डॉट म्हणजे आमच्या आयांच्या कपाळावरचं. भारतीयांना धमक्या, मारहाण. त्या वर्षी एका तरुणाचा जीवही गेला. आम्ही पाऊण तास लांब राहात होतो. पण आई जर्सी सिटीवरून जाणाऱ्या पाथ ट्रेनने जाण्याआधी गाडीच्या आरशात बघून टिकली काढायची आणि पर्समधल्या छोट्या आरशाच्या पाठीवर चिकटवायची. परत आली की तीच पुन्हा कपाळावर. घरात कोणी ‘डॉट’ शब्द उच्चारलेला मला आठवत नाही. गणिताच्या अभ्यासातही बाबा ‘टिंब’ म्हणायचे.

आणि तुमचं ‘स्मरणरंजन’ ज्याचं मराठी, तो ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८मध्ये होफर नावाच्या स्विस वैद्याने एका आजारासाठी घडवला : घरी परतणं अधिक वेदना. मराठी शब्दात वेदना गळाली हे तुमचं खरं आहे. काही समीक्षक ‘गतकातरता’ लिहितात, त्यात ती आहे, पण तो शब्द तोंडात बसत नाही. आई काही म्हणतच नसे. तुरीची डाळ शिजताना खिडकीतून परसाकडे बघत बसायची. (हो, परसाकडे. बघितलेलं चालतं ना, तळकोकण?)

तळकोकण :
चालतं! पण मागीलदाराचं झालं, पुढच्या दाराचं काय? त्याला काय म्हणायचात?

एडिसनकर :
पुढचं दार वापरातच नव्हतं हो. सगळी ये-जा गराजमधून. पुढचं उघडायचं वर्षातून एकदाच, हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलं दारोदार गोड मागत येतात तेव्हा. पहिल्या वर्षी आईने मेणकागदात गुंडाळून रव्याचे लाडू वाटले. शेजारणीने दुसऱ्या दिवशी अदबीने समजावलं की घरी केलेलं कोणी खात नाही, आयाच टाकून देतात. मग १९८२मध्ये शिकागोकडे औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाईड घालून माणसं मारली गेली, आणि त्या वर्षी तर विकतचं चॉकलेटसुद्धा दिव्याखाली धरून तपासायचे. तेव्हापासून आईही पुड्यातलंच आणायला लागली. पण ती त्याला कँडी म्हणत नसे. भोंडल्याच्या शेवटी वाटतात ना, ती खिरापत. "एकतीस तारीख आली, खिरापत आणली का?" माझी मुलंही तेच म्हणतात. त्यांनी भोंडला एकदाच पाहिलाय, तोही बास्केटबॉलच्या हॉलमध्ये.