पोटासाठी की विकण्यासाठी?
'पोटासाठी पाखरू मारलं तर कायद्याने मध्ये का पडावं?' हा मुद्दा मला पटत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भुकेसाठी सूट नाही. तितराचं मांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हाच. आणि नागालँडमधलं पांगती गाव बघा. 2012 मध्ये दोयांग जलाशयाकाठी मासेमारीची जाळी उभी टांगून हजारो अमूर ससाणे धरले गेले, पिसं काढून, धुरावून विकायला. ही भूक नव्हती, धंदा होता. पुढच्याच वर्षी गावानेच बंदी घातली आणि शिकार थांबली. नुसत्या धाडींनी हे झालं नसतं. मात्र जाळी लावणाऱ्यांचं उत्पन्न बुडालं, त्यांनी खायचं काय, हे आपण शहरातले पक्षीप्रेमी विचारतच नाही, याचा मला राग येतो.