फळमाशीच्या अंड्यावरच्या दोन नळ्या: अर्गोसचं मॉडेल शिकवणं थांबवायला हवं

पेशीवेडा
फळमाशीच्या अंड्यावर श्वासाच्या दोन नळ्या कशा उमटतात याचं 1998 चं वासरमन-फ्रीमन मॉडेल एमएस्सीच्या वर्गात अजूनही जसंच्या तसं फळ्यावर येतं याचं मला खरंच वाईट वाटतं. अंडपेशी गुर्केन हे सिग्नल देणारं प्रथिन सोडते, तिला वेढणाऱ्या फॉलिकल पेशींपैकी वरच्या, म्हणजे पाठीकडच्या पेशींतला ईजीएफ रिसेप्टर (तो सिग्नल पकडणारं प्रथिन) जागा होतो, मग त्या पेशी रोम्बॉइड आणि स्पिट्झ ही प्रथिनं वापरून स्वतःच सिग्नल वाढवत नेतात, मधोमध तो इतका वाढतो की अर्गोस हे सिग्नल रोखणारं प्रथिन तयार होतं आणि तिथला सिग्नल दाबतं, म्हणून एका शिखराची दोन होतात आणि श्वासाच्या नळ्याही दोन. पण 2009 मध्ये मॅकगिलच्या लॉरा निल्सनच्या लॅबने दाखवलं की पेशींनी स्वतःच सिग्नल वाढवायचा-दाबायचा हा फीडबॅक नसला तरी पॅटर्न व्यवस्थित उमटतो. सिग्नल मध्यम असेल तिथे मिरर हा जीन चालू, आणि मिररमुळे ब्रॉड, म्हणजे नळ्या घडवणाऱ्या पेशींतला जीन, चालू. अगदी मधोमध सिग्नल जोरदार, तिथे पॉइंटेड हे प्रथिन येतं आणि ब्रॉड बंद पाडतं. झाले ना दोन पट्टे? मग अर्गोस कशाला?

चहाटपरी
थांबवायचं कशाला? त्या मॉडेलमुळेच लोकांनी एकेक जीन काढून बघितला ना. आणि अर्गोस काही काल्पनिक नाही, माशीच्या डोळ्यात तेच ईजीएफचा सिग्नल आवरतं. मुलांना दोन्ही द्या, 98 चंही आणि 2009 चंही, मॉडेल कसं तपासतात ते कळू दे.

पेशीवेडा
दोन्ही दिले तर माझी काहीच हरकत नाही हो, पण दुसरं देतं कोण? परीक्षेत प्रश्न अर्गोसवर येतो आणि ब्रॉड-पॉइंटेड लिहिणाऱ्याचे मार्क कापले जातात, हे मला पटत नाही.

रानमेवा
तुमच्या भांडणात डीपीपी हा दुसरा सिग्नल कुठेय? तो पुढच्या टोकाकडून येतो, जास्त झाला की अंड्याच्या पुढच्या टोकाचं झाकण मोठं होतं आणि नळ्यांची वाट लागते. नुसत्या गुर्केनवर पुढचं-मागचं ठरत नाही. के10 जीन बिघडलेल्या म्युटंट माशीचं अंडं मायक्रोस्कोपखाली धरा, गुर्केन पुढच्या कडेने सगळीकडे पसरलेलं असतं आणि दोन सुट्या नळ्यांऐवजी टोकाभोवती गोल कॉलर दिसते. अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यावर हे एकदा पाहिलं की सिग्नल कुठे पोचतो याला किती महत्त्व आहे ते लगेच कळतं.

चहाटपरी
बरोबर, पण कॉलरवरून अर्गोस नको हे सिद्ध होत नाही. आणि ड्रोसोफिला व्हिरिलिस या दुसऱ्या जातीच्या माशीच्या अंड्याला चार नळ्या असतात, त्या तुमच्या सिग्नलच्या दोन पातळ्यांत कशा बसवणार?

पेशीवेडा
चार नळ्यांचं उत्तर व्हिरिलिसमध्येच शोधावं लागेल. मेलानोगॅस्टरपुरतं, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या फळमाशीपुरतं, मी ठाम आहे. शिवाय हाच ईजीएफ सिग्नल वरच्या बाजूला पाइप जीन बंद ठेवतो, पाइप फक्त खाली उरतो आणि त्यावरून गर्भाचं पोट कुठे ते ठरतं. शास्त्रज्ञ शूपबाख यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं की गुर्केन अंडपेशीच्या बाजूला लागतं आणि टॉर्पेडो, म्हणजे हाच रिसेप्टर, फॉलिकल पेशींत. एवढी भक्कम गोष्ट हाताशी असताना मुलांना आधी अर्गोस कशाला शिकवायचं?

रानमेवा
आधी शूपबाख, मग डीपीपी, मग ब्रॉड-पॉइंटेड, 98 शेवटी. मी तरी असंच शिकवेन.