चौकडीला डेंगने पकडलं नाही
चीनमध्ये माओ गेल्यावर कम्युनिस्ट नेता डेंग शियाओपिंगने चौकडीला, म्हणजे माओची बायको चियांग चिंग आणि तिच्या तीन साथीदारांच्या गटाला, उखडलं आणि सत्ता घेतली, असं म्हटलं जातं. सत्ता शेवटी त्याच्याकडे आली हे खरं, पण अटकेच्या वेळी त्याच्याकडे एकही पद नव्हतं, एप्रिल १९७६ मध्येच बीजिंगच्या तियानआनमेन चौकातल्या निदर्शनांचं खापर त्याच्यावर फोडून सगळ्या पदांवरून काढलं होतं. माओ ९ सप्टेंबरला गेला आणि महिन्याच्या आत, ६ ऑक्टोबरच्या रात्री, पंतप्रधान हुआ ग्वोफेंग, म्हातारे मार्शल ये च्यानयिंग आणि वांग दोंगशिंग या तिघांनी डाव टाकला. बैठकीचं निमित्त करून चौकडीतल्या तिघांना बोलावलं आणि आल्याआल्या धरलं, चियांग चिंगला तर तिच्या घरीच.

आणि यातला वांग दोंगशिंग कोण, तर माओच्याच संरक्षण दलाचा प्रमुख! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण माओच्या बायकोला माओचेच अंगरक्षक पकडतात म्हणजे नुसता वारसा सांगून काही उपयोग नव्हता, बंदुकवाले कुणाचं ऐकतात यावरच सगळं ठरलं. डेंग परतला तो जुलै १९७७ मध्ये, आणि पुढे १९८० मध्ये या वांगलाही बाजूला केलं, हुआचं पक्षाचं अध्यक्षपद १९८१ मध्ये गेलं.